व्यापारी ज्ञातींच्या उत्पत्तिकथा आणि कुलपरंपरा : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

विषयप्रवेश

ज्ञातिसंस्थांच्या रौप्यमहोत्सवी वा सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, वधू-वर परिचय पुस्तिका आणि 'ज्ञातीचा इतिहास' अशा शीर्षकाने खासगीरीत्या छापली जाणारी पुस्तके हे साहित्य समीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाही. वाङ्मयाचे अभ्यासक त्यास वाङ्मय मानीत नाहीत आणि इतिहासाचे अभ्यासक त्यास साधन मानीत नाहीत. तथापि सातारा, कराड, मिरज, सांगली येथील पेठांमधून पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या कुटुंबांना आपला भूतकाळ प्रामुख्याने याच साहित्यातून ठाऊक असतो. 'आपण मूळचे कोठले', 'आपले गोत्र कोणते', 'आपले कुलदैवत कोणते' या प्रश्नांची उत्तरे तेथे निःशंक भाषेत दिलेली असतात. ही उत्तरे कोणत्या पुराव्यावर उभी आहेत आणि ती देताना काय वगळले गेले आहे, याची चिकित्सा प्रस्तुत निबंधात केली आहे.

परिसराविषयी एक खुलासा आवश्यक आहे. आजचा सांगली जिल्हा हा १९४९ साली 'दक्षिण सातारा' या नावाने अस्तित्वात आला व १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. त्यात जुन्या सातारा जिल्ह्यातील वाळवा, तासगाव, खानापूर हा मुलूख आहे, तसाच पटवर्धनांच्या सांगली-मिरज संस्थानांचाही आहे. परिणामी १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या सातारा खंडातील जातिवर्णने आजच्या सांगली शहराला लावता येत नाहीत. ज्ञातीच्या इतिहासांत ती बिनदिक्कत लावली जातात. ही चूक लहान वाटली तरी ती पुढील अनेक चुकांची जननी आहे.

'वाणी' हा शब्द

मराठीतील 'वाणी' हा शब्द संस्कृत 'वणिज्' पासून आला, हे सर्वमान्य आहे. हा शब्द धंद्याचा वाचक आहे, रक्तसंबंधाचा नाही. सातारा-सांगली भागात या एका शब्दाखाली परस्परांशी रोटीबेटी व्यवहार नसलेले अनेक समूह येतात. लिंगायत वाणी हा त्यांतील संख्येने ठळक समूह. कोकणातून घाट चढून आलेले वैश्यवाणी निराळे. गुजरातेतून आलेले जैन व वैष्णव वाणी निराळे, आणि त्यांना लोकव्यवहारात 'गुजर' म्हणण्याची रीत. राजस्थानातून आलेल्या ओसवाल, माहेश्वरी आदींना सरसकट 'मारवाडी' ही संज्ञा. या नावांपैकी बहुतेक नावे त्या त्या समूहाने स्वतः घेतलेली नाहीत, ती गावाने दिलेली आहेत.

गावाने दिलेले नाव पुरावा म्हणून किती फसवे असते, हे 'गुजर' या एका नावावरूनच कळते. फलटण परिसरात 'गुजर' म्हटले की हुमड जैन व्यापारी डोळ्यांसमोर येतो. त्याच सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात भोसरे हे सरनोबत प्रतापराव गुजरांचे गाव आहे आणि तेथील गुजर हे मराठा घराणे आहे. आडनावाच्या साम्यावरून दोन्हींचे मूळ एक ठरविण्याचा मोह ज्ञातिलेखकांना होतो, व तो मोह आवरण्याचे कोणतेही साधन त्यांच्या पद्धतीत नाही.

शिलालेखातील 'कुल'

या भागातील व्यापाऱ्यांचा सर्वांत जुना बोलका पुरावा पुराणात नाही, तो शिलालेखात आहे. कोल्हापूरच्या शिलाहारांच्या काळी, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, कोल्हापूर व मिरज या बाजारपेठांतील व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन जैन बसदीसाठी आपल्या मालावरील पट्टी लावून दिल्याचे लेख उपलब्ध आहेत. शके १०५८ चा कोल्हापूरचा लेख या संदर्भात नेहमी उद्‌धृत केला जातो. हे व्यापारी स्वतःस 'वीर-बणंज' धर्माचे पालक म्हणवितात. पूर्वीच्या सांगली संस्थानात मोडणाऱ्या, आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात असलेल्या तेरदाळ येथील नेमिनाथ मंदिराचा लेख के. बी. पाठक यांनी 'इंडियन अँटिक्वेरी'त प्रसिद्ध केला, तो १८८५ साली. म्हणजे ज्या वर्षी गॅझेटियरचा सातारा खंड निघाला त्याच वर्षी. त्या लेखात ऐहोळेच्या 'पाचशे स्वामीं'च्या संघाचा उल्लेख येतो. एकाच वर्षी छापलेल्या या दोन साधनांनी एकमेकांची दखल घेतली असती, तर पुढील शंभर वर्षांचे ज्ञातिलेखन कदाचित वेगळ्या वळणाने गेले असते.

ऐहोळेच्या या संघाच्या प्रशस्ती दक्षिणेत अनेक ठिकाणी सापडतात आणि त्यांची शब्दयोजना बरीचशी ठरीव आहे. संघाचे सभासद स्वतःस वासुदेव, खंडळी व मूलभद्र यांच्या वंशात जन्मलेले म्हणवितात, अहिच्छत्र या श्रेष्ठ नगरीचे स्वामी म्हणवितात, भगवतीचा वरप्रसाद लाभलेले म्हणवितात. येथे उत्पत्तिकथेची सर्व सामग्री हजर आहे. मूळ पुरुष आहेत, दूर उत्तरेतील मूळ नगर आहे, कुलदेवता आहे. मात्र ज्यांच्याविषयी हे सांगितले जाते ते एका रक्ताचे लोक नाहीत. या संघात नाना देशांतून आलेले, नाना पंथांचे आणि भिन्न भिन्न मालाचा व्यापार करणारे लोक होते. भगवतीचे लेक म्हणविणारे हे व्यापारी जैन बसदीला दान देतात आणि त्यात त्यांना विसंगती वाटत नाही.

या ठिकाणी वंश ही व्यापारी संघटनेची भाषा आहे. लांबच्या मार्गावर परक्या गावी उधार देण्यासाठी, हुंडी पटविण्यासाठी, माल ठेवून घेण्यासाठी विश्वास लागतो. आणि विश्वासाचे सर्वांत जुने नाव भाऊबंदकी हेच आहे. ज्यांना एकमेकांचे भाऊ असणे परवडत नव्हते त्यांनी एकमेकांचे भाऊ असल्याचे दगडावर कोरून ठेवले. आधुनिक ज्ञातिलेखकाला हा कोरीव लेख कोणी दाखविला, तर तो त्यातील वासुदेवाला खरोखरीचा पूर्वज मानून वंशावळ मांडावयास घेतो.

कन्नडमधील 'बणजिग' ही लिंगायत व्यापाऱ्यांची संज्ञा व शिलालेखातील 'बणंज' यांचे नाते उघड आहे. पण शके १०५८ म्हणजे इसवी सन ११३५-३६. कल्याणास बिज्जळाची सत्ता प्रस्थापित झाली व बसवण्णांची चळवळ उभी राहिली ती त्यानंतर, शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे बणंज संघ आधीचा आणि वीरशैव बणजिग नंतरचा. दक्षिण महाराष्ट्रातील जैनांत 'पंचम' हा विभाग आहे आणि लिंगायतांत 'पंचमसाळी' आहे. या नामसाम्यावरून दोहोंचा पूर्वाश्रम एक असावा असा तर्क अभ्यासकांनी पूर्वीच केला आहे. विलास संगवे यांनी १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या जैन समाजाच्या पाहणीत दक्षिणेतील चतुर्थ, पंचम, सेतवाळ, कासार आदी विभागांची जी चर्चा केली आहे, ती पाहता सांगलीच्या पेठेतील जैन आडत्या व लिंगायत आडत्या यांचे पूर्वज एकाच संघाच्या बैठकीला बसत असण्याचा संभव नाकारता येत नाही. दोहोंच्या स्मरणिकांत मात्र या संभवाला जागा नाही.

वतनातून आलेले आडनाव

मराठेशाहीत गावाला जसे पाटील-कुलकर्णी तसे पेठेला शेटे-महाजन. नवी पेठ वसवावयाची तर शेट्यास कौल देऊन, काही वर्षे जकात माफ करून, बाहेरगावचे वाणी-उदमी बोलावून आणावयाचे, ही रीत होती. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत साताऱ्यास राजधानीचे रूप आले आणि शहराच्या पेठा भरल्या. सांगलीचा उदय त्याहून नंतरचा. मिरजेच्या वाटणीनंतर चिंतामणराव पटवर्धनांनी १८०१ च्या सुमारास सांगलीस राजधानी केली, तेव्हा तेथे व्यापारी आणून वसविणे हा राज्य उभारणीचाच भाग होता. यावरून सांगलीच्या व्यापारी घराण्यांचा त्या शहराशी असलेला संबंध फार तर सव्वादोनशे वर्षांचा ठरतो. पुष्कळ घराण्यांच्या बाबतीत तो त्याहून कमी आहे. यात उणेपणा काहीही नाही. उलट कोणत्या गावाहून कोणत्या कौलाने आलो हे दप्तरातून शोधणे शक्य आहे, आणि पौराणिक नगरीपेक्षा ते कितीतरी अधिक मोलाचे आहे.

पण आडनावांचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. 'शेटे' आणि 'महाजन' ही अधिकारपदे होती. ती वंशपरंपरेने चालली आणि आडनावे बनली. आडनाव बनल्यावर ते कुळाचे नाव मानले गेले, आणि कुळाचे नाव म्हटले की त्याला गोत्र हवे. आज शेटे आडनावाची कुटुंबे लिंगायत वाण्यांत आहेत, तशी इतर जातींतही आहेत. ज्या ज्या जातीच्या माणसाकडे एखाद्या पेठेचे शेटेपण गेले त्या त्या जातीत ते आडनाव राहिले, एवढाच त्याचा अर्थ. स्मरणिकांत मात्र एका आडनावाला एक गोत्र, एक कुलदैवत, एक देवक असा तक्ता असतो. तक्त्याचे आकर्षण समजण्यासारखे आहे, कारण लग्न जमविताना तो हाताशी लागतो. त्याच कारणाने तो इतिहास म्हणून निरुपयोगी ठरतो.

छापील गोत्रांचा काळ

लिंगायत वाण्यांच्या बाबतीत गोत्रांचा प्रश्न विशेष गुंतागुंतीचा आहे. वीरशैव पंचाचार्य परंपरेनुसार रेणुक, मरुळ, एकोराम, पंडित व विश्वाराध्य या पाच आचार्यांशी जोडलेली वीर, नंदी, भृंगी, वृषभ व स्कंद ही पाच गोत्रे सांगितली जातात. बाळेहोन्नूर, उज्जिनी, केदार, श्रीशैल व काशी ही त्यांची पीठे. दुसरीकडे बसवण्णांना प्रवर्तक मानणारी परंपरा जन्माधिष्ठित उतरंडच नाकारते. तिच्या दृष्टीने इष्टलिंग धारण करणाऱ्याला पूर्वाश्रमीचे कुळ उरतच नाही. या दोन भूमिकांत तडजोड नाही. तरीही अनेक ज्ञातिपुस्तिकांच्या मुखपृष्ठावर बसवेश्वरांचे चित्र असते आणि आत पाच गोत्रांचा तक्ता असतो. संपादकाच्या ध्यानात ही विसंगती येत नाही असे नव्हे. वधुपक्षाकडून गोत्र विचारले जाते, तेव्हा उत्तर तयार असावे लागते, हे त्याला माहीत असते.

ही केवळ लिंगायतांची कथा नाही. अग्रवालांच्या उत्पत्तीविषयी भारतेंदु हरिश्चंद्रांनी १८७१ साली हिंदीत पुस्तिका लिहिली आणि राजा अग्रसेन, अग्रोहा नगर व अठरा गोत्रे ही कथा छापील रूपात सर्वत्र गेली. त्या अठरांतील शेवटचे गोत्र अर्धे धरून 'साडेसतरा' म्हणण्याची परंपरा आहे. माहेश्वरींच्या कथेत खंडेल्याच्या राजपुत्रासह बहात्तर उमराव ऋषींच्या शापाने निश्चेष्ट होतात आणि महेश-पार्वतीच्या कृपेने उठून वैश्यवृत्ती पत्करतात. बहात्तर खापा त्यांच्यापासून. ओसवालांची कथा ओसियाँ नगरीत रत्नप्रभसूरींच्या उपदेशाने होते. या सर्व कथांचा साचा एकच आहे. आरंभी क्षत्रिय, मग शस्त्रत्याग, मग तराजू. सातारा जिल्ह्यातील व्यापारी हा साचा ऐकून होते. एकोणिसाव्या शतकात साताऱ्याच्या दरबारी वेदोक्ताचे वाद गाजले, 'तुमचा वर्ण कोणता' हा प्रश्न प्रत्येक जातीपुढे उभा राहिला, आणि १८८१ पासूनच्या खानेसुमाऱ्यांनी तो दर दहा वर्षांनी छापील कोष्टकात विचारला. अशा वेळी तयार साचा उसना घेणे स्वाभाविक होते. एंथोवेन यांचा मुंबई इलाख्यातील जाती-जमातींवरील ग्रंथ १९२० ते १९२२ या काळात निघाला; त्यात माहिती देणाऱ्यांनी सांगितलेल्या उत्पत्तिकथा नोंदल्या गेल्या आणि पुढे त्याच कथा 'इंग्रजी ग्रंथात आहे' म्हणून पुराव्यादाखल परत ज्ञातीकडे आल्या. आजोबांनी सांगितलेली गोष्ट नातवाने सरकारी ग्रंथात वाचली आणि तिला इतिहास मानले. या फेऱ्याची दखल घेतल्याशिवाय या साहित्याची कोणतीही चिकित्सा पुरी होत नाही.

पालीचा जावई

छापील परंपरेच्या शेजारी एक न छापलेली परंपरा या भागात आजही जिवंत आहे आणि ती अधिक श्रीमंत आहे. कराड तालुक्यात तारळी नदीच्या काठी पाल हे खंडोबाचे ठाणे आहे. पौष महिन्यात तेथे खंडोबा आणि म्हाळसा यांचे लग्न लागते. हळदीचा भंडारा उधळला जातो, 'येळकोट येळकोट जय मल्हार' चा गजर होतो आणि सातारा-सांगलीसह कर्नाटकातूनही यात्रेकरू येतात. संस्कृत माहात्म्यपरंपरेत म्हाळसा ही पार्वतीचे रूप आहे. वाघ्या-मुरळींच्या जागरणात मात्र ती नेवाशाच्या तिमशेट वाण्याची मुलगी आहे, लिंगायत वाण्याची लेक आहे. खंडोबाची दुसरी बायको बाणाई धनगराची. दोघी सवतींच्या भांडणात जातीजातींचे खाणेपिणे, सोवळे-ओवळे, श्रीमंती, कष्ट असे सगळे निघते. ते ऐकताना श्रोते हसतात, आणि कोणाची बाजू कोण घेतो हे श्रोत्यांच्या जातीवर ठरते.

गुंथर सोंथायमर यांनी पश्चिम भारतातील पशुपालकांच्या देवतांचा अभ्यास करताना खंडोबाच्या या विवाहांतून निरनिराळे समाज एका देवाशी कसे जोडले जातात हे दाखविले. रा. चिं. ढेरे यांनी शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवावरील २००१ च्या ग्रंथात साताऱ्याच्या डोंगराळ पट्ट्यातील दैवत कर्नाटक-श्रीशैलाशी जोडून दाखविले. त्या यात्रेत सासवडहून येणारी, मुंगी घाट चढून जाणारी तेल्या भुतोजीची कावड हा एका व्यापारी-कारागीर जातीचा मान आहे. या दोघा अभ्यासकांचे लेखन हाती असताना ज्ञातिपुस्तिकांतील 'कुलदैवत' हे प्रकरण वाचले की निराशा होते. तेथे कुलदैवत ही एका ओळीची नोंद असते : अमुक आडनाव, पालीचा खंडोबा, तमुक आडनाव, जोतिबा किंवा तुळजाभवानी. वाण्याच्या मुलीशी देवाने लग्न केले, म्हणजे देव आपला जावई झाला, हे पालीच्या यात्रेत दरवर्षी सांगितले जाणारे नाते त्या नोंदीत मावत नाही.

न मावण्याचे कारण तात्त्विकही आहे. इष्टलिंगनिष्ठ वीरशैवाने स्थावर देवतेला नवस करू नये, बोकड-भंडाऱ्याच्या दैवतांपासून दूर राहावे, अशी वचनकारांपासूनची शिकवण. त्यामुळे सुधारक वृत्तीच्या ज्ञातिलेखकाला म्हाळसेची कथा अडचणीची वाटते. काही जण तिला 'भाकड' म्हणून गाळतात, काही तिमशेटला 'एक श्रीमंत व्यापारी' म्हणून त्याची जात पुसतात. इतिहासलेखनाच्या दृष्टीने हा मोठा तोटा आहे. नेवासे ते पाल हे अंतर, व्यापारी आणि धनगर यांचे एका देवघरातील सहअस्तित्व, कर्नाटकातील मैलाराशी असलेले नाते हे सारे व्यापारी मार्गांच्या आणि पशुपालकांच्या वाटांच्या इतिहासाचे दुवे आहेत. लोकर, तूप, मीठ, कापड यांची देवघेव ज्यांच्यात होत होती त्यांच्यातच देवाची सोयरीक झाली, असे या कथेचे वाचन करता येते. पाच गोत्रांच्या तक्त्यातून असे कोणतेही वाचन निघत नाही.

लेकींच्या कथा, लेकांच्या वंशावळी

या उत्पत्तिकथा एकत्र ठेवून पाहिल्या असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. कथेचा कणा बहुधा एखादी स्त्री असते. म्हाळसा ही वाण्याची लेक. मराठवाड्यातील आर्यवैश्य (कोमटी) समाजाची वासवी किंवा कन्यकापरमेश्वरी ही पेनुगोंडच्या शेठीची लेक. राजा विष्णुवर्धनाने घातलेली मागणी नाकारून ती अग्निप्रवेश करते आणि तिच्याबरोबर अग्नीत उतरलेल्या कुळांची एकशे दोन गोत्रे होतात. गुजरात-राजस्थानातील वाण्यांत दसा आणि विसा असे जे भेद आहेत, फलटण-सोलापूरकडील हुमड जैनांतही जे आले, त्यांच्या उत्पत्तीची प्रचलित कथा तेराव्या शतकातील वस्तुपाल-तेजपाल या मंत्रिबंधूंशी जोडली जाते. त्यांची आई कुमारदेवी विधवा होती आणि तिने पुनर्विवाह केला होता. त्या बंधूंच्या पंगतीला जे बसले ते दसा, जे उठून गेले ते विसा. कथा ऐतिहासिकदृष्ट्या खरी मानण्याचे कारण नाही. पण जातीची फाळणी एका विधवेच्या लग्नावरून झाली अशी आठवण समाजाने जपली, हे सत्य आहे.

अर्थात ज्या कथांचा आरंभ मुलीपासून होतो त्यांच्या वंशावळींत मुलीला स्थान नाही. वधू-वर पुस्तिकेत मुलीचे गोत्र बापाचे, लग्नानंतर नवऱ्याचे. वंशवृक्षात सुनांची नावे क्वचित, लेकींची त्याहून क्वचित. वालचंद हिराचंदांसारख्या दसा हुमड घराण्यातून आलेल्या उद्योगपतीचे नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने धारण केले आहे. अशा घराण्यांचा इतिहास लिहिताना भांडवल, भागीदारी, सोयरीक यांचा विचार अनिवार्य ठरतो, आणि सोयरीक म्हणजे मुलींची देवघेव. व्यापाराचे जाळे कोणत्या गावी पसरले हे पाहावयाचे तर मुली कोणत्या गावी दिल्या हे पाहावे लागते. ज्ञातिपुस्तिकेच्या संपादकाजवळ ही माहिती असते, कारण त्याने ती लग्नासाठीच जमविलेली असते. इतिहासाच्या प्रकरणात मात्र तो ती वापरीत नाही.

उपरे आणि मूळचे

उत्पत्तिकथा निरुपद्रवी असतात असा समज आहे. तो या परिसरापुरता तरी खरा नाही. १८७५ साली पुणे-अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध उठाव झाले, तेव्हा त्यांचा एक दूरचा पडसाद तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील, आज शिराळा तालुक्यात असलेल्या कुकरूड गावी उमटला. रोख होता तो कर्जरोख्यांवर. पुढे सत्यशोधक चळवळीने 'शेटजी-भटजी' हा शब्द रूढ केला; १९१९ ते १९२१ या काळात साताऱ्यात शेतकऱ्यांचा असंतोष उफाळला आणि १९४३ नंतरच्या प्रतिसरकारच्या काळातही सावकारी हा कळीचा प्रश्न होता. या सबंध काळात 'बाहेरचा वाणी' आणि 'आपला वाणी' असा भेद गावात केला जात होता. लिंगायत वाणी मराठी-कानडी बोलणारा, गावच्या जत्रेत मान असलेला, म्हणून आपला. गुजर आणि मारवाडी दोन-तीन पिढ्या गावात राहूनही बाहेरचा. व्याजाचा दर दोघांचा सारखाच असला तरी हा भेद टिकून राही. अशा वेळी उत्तरेतील नगरीचा अभिमानाने केलेला उच्चार हा बाहेरचेपणाची कबुलीही ठरत असे. ज्ञातिलेखकाने 'आम्ही मूळचे येथले नव्हेत' हे भूषण म्हणून लिहिले, गावाने ते वेगळ्या अर्थाने वाचले.

अलीकडच्या काळात मूळ सांगण्याला कायद्याचे वजन आले आहे. महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या जातपडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे पुरावे मागितले जातात. शाळेच्या जुन्या दाखल-खारीज नोंदवहीत एका भावाच्या नावापुढे 'वाणी', दुसऱ्याच्या 'लिंगायत', चुलत्याच्या 'लिंगायत वाणी' आणि पुतण्याच्या 'हिंदू लिंगायत' असे असू शकते, कारण मास्तरांनी जे ऐकले ते लिहिले. ज्या ढिल्या नावांनी शतकानुशतके काम भागले ती आता एका रकान्यात बसवावी लागतात आणि न बसल्यास मुलाचा प्रवेश अडतो. त्याच वेळी लिंगायत हा स्वतंत्र धर्म आहे या मागणीसाठी २०१७ मध्ये लातूर, सांगली येथे मोर्चे निघाले आणि मार्च २०१८ मध्ये कर्नाटक सरकारने तशी शिफारस केली; केंद्राने ती स्वीकारली नाही. एका बाजूला जातीचा दाखला 'वाणी' म्हणून हवा, दुसऱ्या बाजूला धर्म जातिविरहित लिंगायत म्हणून हवा. या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या कुटुंबाला ज्ञातीच्या इतिहासाकडून मदतीची अपेक्षा असते. त्याला मिळतो तो पाच आचार्यांचा तक्ता.

म्हणूनच ज्ञातिसंस्थांच्या प्रयत्नांची टर उडविणे योग्य होणार नाही. ही मंडळी पदरमोड करून, गावोगाव हिंडून कुटुंबांची नावे जमवितात; विद्यापीठीय संशोधकाने हे काम केलेले नाही. दोष जमविण्यात नाही, जमविलेले सर्व एका मूळ पुरुषाकडे आणि एका मूळ नगरीकडे ओढून नेण्यात आहे. याच पुस्तिकांतून जुने कौलनामे, दुकानांच्या कीर्द-खतावण्या, पालीच्या यात्रेतील मानाच्या नोंदी आणि लेकींच्या सासरची गावे छापली गेली, तर सातारा-सांगलीच्या आर्थिक इतिहासाचे एक नवे साधन उभे राहील. खतावणीत ज्याच्याशी व्यवहार झाला त्याचे नाव असते, गावही असते, गोत्र नसते.

शेवटी एका समूहाचा निर्देश करणे आवश्यक आहे, ज्याची दखल या प्रकारच्या साहित्यात घेतली जात नाही. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातील हजारो कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायात भारतभर पसरली आहेत. केरळ-तमिळनाडूपासून उत्तर भारतातील शहरांपर्यंत सराफपेठेच्या गल्लीत यांचे मूस-भट्टीचे दुकान असते. यांतील बहुसंख्य शेतकरी जातींतील आहेत. व्यापाराची परंपरा सांगावी असे त्यांच्याजवळ काही नव्हते. एक जण गेला, त्याने गावातला दुसरा नेला, त्याने मेहुणा नेला. ओळखीवर सोने सोपविले जाते, ओळख गावाची असते. बाराव्या शतकात मिरजेच्या पेठेत ज्या गरजेतून वासुदेवाचा वंश सांगितला गेला, ती गरज या दुकानांतही आहे, आणि ती आजवर तरी गावच्या नावावर भागते आहे. गावच्या यात्रेला ही मंडळी परराज्यांतून येतात, देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी देतात, आणि सभामंडपातील संगमरवरी फलकावर देणगीदाराच्या नावापुढे कंसात तो ज्या शहरात दुकान चालवितो त्या शहराचे नाव कोरले जाते.